पाठमोरा वाटा

थोरल्याला आपल्या नशिबाचा भारी अभिमान होता. लोकांना घराचा असतो, मुलाबाळांचा असतो, कुणाला नुसत्या मिशांचा असतो. थोरल्याच्या मिशा विरळ, घर बेताचं आणि मुलं चारचौघांसारखी, तेव्हा त्यानं नशिबावर भागवलं. पण ते नशीब होतं खरं. रोज सकाळी धक्क्यावर, चार लोकांच्या डोळ्यांदेखत ते खरं ठरायचं.

त्या नदीवर दोघांच्या होडीत वाटणीची एक पद्धत होती. जाळं ओढून होडी धक्क्याला लागली की मासळी ओट्यावर ओतायची आणि एकानं तिचे दोन वाटे लावायचे. तराजू नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांच्या अंदाजानं. दुसऱ्यानं तेवढा वेळ पाठ करून उभं राहायचं. वाटे लागले की लावणारा त्यातल्या एकावर बोट ठेवून विचारायचा, ‘हा कुणाचा?’ आणि पाठमोरा सांगायचा, ‘तुझा,’ नाहीतर ‘माझा.’ झाली वाटणी. लावणाऱ्याला निवडता येत नाही आणि निवडणाऱ्याला बघता येत नाही, त्यामुळे भांडायला कुणाला जागाच नाही. ही पद्धत ज्यानं काढली त्याला नक्की भाऊ असणार, आणि भावाचा अनुभव काही फारसा बरा नसणार.

या दोघांत वाटे लावायचा थोरला, कारण तो थोरला. पाठ करायचा धाकटा. धाकटा उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलण्यात फार काटकसरी. वडील गेले तेव्हा तो इतका लहान होता की उभं धरलेलं वल्हं त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर जायचं. थोरल्यानंच त्याला हनुवटीखाली हात देऊन पोहायला शिकवलं, जाळं फेकायला शिकवलं, फाटलेलं जाळं तुणायला शिकवलं. पाण्यावर दोघांना एकमेकांशी बोलायची गरज पडत नसे. थोरला वल्ह्यावर, धाकटा जाळ्यावर. धाकट्यानं खांदा जरासा खाली केला की थोरला होडी वळवायचा, आणि थोरल्याचं वल्हं थांबलं की धाकटा दोर सैल सोडायचा. अशी जोडी साऱ्या धक्क्यावर नाही, असं धक्क्यावरचे इतर लोकही कबूल करायचे, म्हणजे ते खरंच असणार.

वाटणी व्हायची ती वडिलांनी बांधलेल्या जाळ्यांच्या खोलीपुढच्या ओट्यावर. खोलीला नदीच्या बाजूनं एक खिडकी होती. पूर्वी तिला गोणपाट ठोकलेलं असे. त्यातून उंदीर आत शिरायचे आणि जाळी कुरतडायचे, म्हणून थोरल्यानं एकदा जुन्या कपाटाच्या दाराची काच काढून तिथे बसवली. कडेनं लांबी भरली, ती बोटानं गुळगुळीत केली आणि पुढे बरेच दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती काच दाखवली. धाकटा पाठ करायचा ती ओट्याकडे, म्हणजे तोंड या खिडकीकडे.

पुढे पुढे थोरल्याच्या लक्षात यायला लागलं की दोन वाट्यांतला सरस वाटा बहुतेक वेळा आपल्याकडे येतो. त्यानं कुठल्याही वाट्यावर बोट ठेवावं, चांगला असेल तर धाकट्याच्या तोंडून ‘तुझा’ निघायचं आणि हलका असेल तर ‘माझा.’ घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, माझ्या हाताला काहीतरी गुण आहे. ती म्हणाली, आधी तो हात धुऊन या, वास येतोय. पण टोपली उचलताना तीही खूश असायची. तीन मुलं, त्यांत दोन वाढत्या अंगाची, आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू, म्हणजे या दोघा भावांची आई, थोरल्याच्याच चुलीवर जेवणारी. पुढे आई गेली, पण तोपर्यंत मुलांची भूक दुप्पट झाली होती.

धाकटा मोठा झाला तेव्हाच घराच्या मागच्या अर्ध्या भागात त्याची चूल वेगळी झाली होती. पुढे त्याचं लग्न झालं, तरी तिथे खाणारी तोंडं दोनच.

नशीब एकदा आपलंच आहे म्हटल्यावर माणसाचा हात जरा सैल होतो. थोरल्याचा झाला. वाटे लावताना एखादा मोठा मासा तो आधीच्याच मोठ्याशेजारी ठेवू लागला. मग दोन ठेवू लागला. बारीकसारीक, काटेरी मासळी दुसऱ्या बाजूला सरकू लागली. कुणी याला फसवणूक म्हटलं असतं तर तो अंगावर धावून गेला असता. फसवणूक कसली? निवडत होता धाकटा, तोही पाठमोरा, आणि जड वाटा त्यालाही लागू शकत होताच की. कधीमधी लागायचाही. त्या दिवशी थोरल्याचा चेहरा असा पडायचा की बायको दारातूनच ओळखायची आणि म्हणायची, आज भाऊजींची पाळी वाटतं. दुसऱ्या दिवशी नशीब पुन्हा ताळ्यावर यायचं आणि थोरला पुन्हा शीळ घालत घरी.

अशी वर्षं गेली.

एका सकाळी जाळं ओढताना थोरल्याची कंबर धरली. अशी धरली की त्याला धड उभंही राहता येईना आणि बसता तर मुळीच येईना. धाकट्यानं एकट्यानं होडी आणली, टोपल्या उतरवल्या, मासळी ओट्यावर ओतली. आता वाटे लावायला वाकणार कोण? थोरला म्हणाला, आज तू लाव, मी पाठ करतो.

धाकटा घुटमळला. म्हणाला, आज वाटणी राहू दे, सगळीच तुझ्या घरी नेऊन टाकतो, तू जाऊन पड. थोरल्याला ते आवडलं नाही. नियम तो नियम, मला काय भीक घालतोस का, असं काहीतरी तो पुटपुटला आणि कंबरेवर हात ठेवून लंगडत खिडकीसमोर जाऊन उभा राहिला.

ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं. खोलीच्या आत जाळ्यांच्या ढिगांचा काळोख होता. आणि त्या काचेत सगळा ओटा लख्ख दिसत होता. टोपल्या दिसत होत्या, ओणवा झालेला धाकटा दिसत होता, दोन्ही वाटे दिसत होते, त्यांतल्या माशांचे कल्लेसुद्धा दिसत होते. थोरला बघतच राहिला. वर्षानुवर्षं तो ओट्यावर वाकलेला असायचा आणि काचेपुढे धाकट्याची रुंद पाठ असायची, त्यामुळे ही गंमत त्याला कधी कळलीच नव्हती.

‘हा कुणाचा?’ धाकट्यानं मागून विचारलं.

थोरला वळला. कंबरेचं दुखणं तो विसरूनच गेला होता.

‘किती वर्षं बघतोयस?’

धाकट्यानं काचेकडे पाहिलं, मग भावाकडे. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नसावं. हलक्या आवाजात तो म्हणाला, ‘दादा, घरी चल. घरी बोलू.’

‘घरी कशाला? चोरी इथे केलीस, इथेच बोल. मी डोळे झाकून तुझ्यावर विश्वास टाकतोय आणि तू आरशात बघून वाटे घेतोयस?’

आवाज चढला तशी आजूबाजूच्या होड्यांवरची माणसं हातातलं काम टाकून आली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? थोरल्यानं त्यांना एकेकाला धरून खिडकीपुढे उभं केलं, बघा, तुम्हीच बघा. ज्यानं त्यानं बघितलं आणि मान हलवली. धाकट्यानं एकदा तोंड उघडलं. मग जमलेल्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून ते मिटून घेतलं. बादलीत हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि तो चालता झाला. दोन्ही वाटे ओट्यावर तसेच राहिले. थोरल्यानं दोन्ही घरी नेले.

आता हा हिशेब एखाद्या पोराच्याही ध्यानात आला असता. जो बघून घेत होता त्याच्याकडे हलका वाटा कसा जात होता? पण संतापलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही, आणि आपल्या नशिबावर शंका घ्यायची तर थोरल्याला सवयच नव्हती. त्याला उलटंच वाटलं. हा इतकी वर्षं बघून घेत होता तरी माझ्याकडे एवढं आलं, तर न बघता किती आलं असतं! या विचारानं त्याच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. बायको म्हणाली, भाऊजी असं करणार नाहीत, काहीतरी वेगळं असेल, एकदा शांतपणे विचारा तरी. तिला त्यानं असं काही फटकारलं की पुढे तिनं तो विषय काढला नाही.

गावाच्या जिभेला हाड नसतं. दुसऱ्याच दिवशी धाकट्याचं नाव पडलं, काच्या. आधी धक्क्यावर, मग दुकानात, मग पोराटोरांच्या तोंडी. धाकटा रस्त्यानं निघाला की कुणीतरी तोंडासमोर तळहात धरून आरशात भांग पाडल्यासारखं करायचं. थोरल्यानं ते पाहिलं आणि एकदा तोही इतरांबरोबर हसला. ते हसणं पुढे त्याला फार महागात पडलं, पण तेव्हा मोकळं मोकळं वाटलं होतं, हेही खरं.

पाण्यावर बोलावं लागत नसे, तशी घरातही आता बोलायची वेळ आली नाही. मागच्या भागातून भांडी आवरल्याचे आवाज यायला लागले. धाकट्याला नदीच्या खालच्या अंगाला लाकडाच्या वखारीत काम मिळालं होतं, राहायला वखारीमागे एक खोली. ज्या दिवशी त्यांचं सामान निघालं त्या दिवशी थोरला मुद्दाम धक्क्यावर थांबला आणि तुणायची गरज नसलेलं जाळं तुणत बसला. संध्याकाळी घरी आला तर मागच्या भागाची किल्ली त्याच्या बायकोजवळ होती. धाकटा वहिनीच्या पाया पडून गेला होता. मुलं त्या दिवशी नीट जेवली नाहीत.

थोरल्यानं खिडकीच्या काचेला होडीच्या तळाचं डांबर फासलं आणि बायकोच्या भावाला होडीवर घेतलं.

मेहुणा माणूस म्हणून सोन्यासारखा, पण पाण्यावर बिनकामाचा. त्याला होडी लागायची. होडी लागली नाही तर झोप लागायची. थोरल्यानं वल्हं थांबवलं की तो विचारायचा, ‘काय झालं दाजी?’ आणि तेवढ्यात दोर ताणून जाळं खालच्या दगडांत अडकलेलं असायचं. जे धाकट्याला खांद्याच्या हालचालीतून कळायचं ते याला ओरडून सांगावं लागे, आणि ओरडलं की मासे पळत. थोरला घसा बसवून घरी येऊ लागला. मासळी कमी झाली, ती झालीच. पण त्याहून वाईट असं की नशीबही रुसलं. वाटे तो तसेच लावायचा, सवयीच्या हातानं, एक भरदार आणि एक नावाला. मेहुणा पाठ करून, डांबराकडे बघत, जे तोंडाला येईल ते सांगायचा. भरदार वाटा कधी इकडे जायचा, कधी तिकडे. मेहुण्याच्या घरी आनंदीआनंद होता. थोरल्याला वाटायचं, धाकटा जाताना माझं नशीबही घेऊन गेला. हे तो बोलूनही दाखवायचा, आणि त्यात किती खरं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

घरापुरती ठेवून उरलेली मासळी धक्क्यावर विकत घ्यायला एक म्हातारी यायची. तिला सगळे मावशी म्हणत. प्रत्येकाची टोपली ती स्वतःच्या हातानं काट्याला लावायची, आणि काटा थांबायच्या आत वजन तोंडानं सांगायची. तमाशा झाला त्या सुमारास ती पाय मोडून घरी पडली होती आणि तिच्याऐवजी तिची सून येत होती. पाय बरा झाल्यावर ती काठी टेकत पहिल्यांदा धक्क्यावर आली, तेव्हा तिनं थोरल्याच्या होडीतून उतरवलेली, अजून वाटे न लागलेली टोपली उचलून बघितली आणि विचारलं, एवढीच? आणि धाकटा कुठाय?

थोरल्यानं सगळं सांगितलं. इतक्यांदा सांगून सांगून त्याची त्याला चाल बसली होती. काच, आरसा, विश्वासघात, सगळं ओळीनं आलं. मावशी ऐकत होती. शेवटी तिनं काठी ओट्याला टेकवली.

‘मोठा वाटा मिळावा म्हणून बघायचा म्हणतोस?’

‘मग कशासाठी?’

‘अरे थोरल्या, तुम्हा दोघांच्या टोपल्या मी उचलत आले. तुझी उचलताना माझा खांदा निखळायचा आणि त्याची एका बोटावर यायची. मी त्याला चिडवायची, तुझं नशीब फुटकं म्हणून. तो हसायचा नुसता.’ तिनं काठी पुन्हा हातात घेतली. ‘बघून घेत होता म्हणतोस, तर मग बघून हलकीच घेत होता.’

एवढं बोलून ती पुढच्या होडीकडे गेली, कारण तिला अजून बऱ्याच टोपल्या उचलायच्या होत्या.

थोरला तिथेच उभा राहिला. मेहुणा वाटे लावायची वाट बघत होता. थोरला त्याला म्हणाला, आज तू लाव. आणि कोयता घेऊन तो खिडकीशी गेला आणि काचेवरचं डांबर खरवडायला लागला. बराच वेळ खरवडल्यावर तळहाताएवढी जागा मोकळी झाली. त्यात त्यानं पाहिलं. वाटे दिसलेच, पण वाट्यांपेक्षा मेहुण्याचे हात जास्त दिसले. हात मासा उचलतो, कुठे ठेवावा म्हणून क्षणभर थांबतो, मग ठेवतो. वाटे तर लावून झाल्यावरही बघता आले असते. पाठमोऱ्या माणसाला या काचेत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ दिसतात ते लावणाऱ्याचे हात.

म्हणजे धाकट्यानं माझे हात पाहिले. रोज पाहिले. मोठ्याशेजारी मोठा ठेवताना पाहिले, काटेरी मासळी पलीकडे सरकवताना पाहिले, आणि पाहून झाल्यावर ‘तुझा’ म्हणाला.

मग त्याला ती कंबर धरल्याची सकाळ आठवली. त्या दिवशी काचेत धाकटा काय करत होता ते आता त्याला स्पष्ट दिसलं. तो एक मासा इकडून उचलून तिकडे ठेवत होता, मागे सरून बघत होता, पुन्हा एक बदलत होता. दोन्ही वाटे असे बरोबरीचे लागले होते की पाठ न करताही कुणी निवडू शकला नसता.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. हलक्या वाट्याचं सांगितलं. हातांचं सांगायला जीभ रेटेना, पण शेवटी तेही सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, भाऊजी आपल्याला झुकतं माप देतात हे मला वाटायचंच. मी समजत होते तुम्हालाही ते ठाऊक आहे. हातांबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि त्या रात्री ताटात भाकरी वाढताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. थोरल्याला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीची मासळी आली तशी तो मेहुण्याला त्याचा वाटा देऊन, आपली सगळी टोपली घेऊन निघाला. वखार लांब होती. थोडं चालत, थोडं वाळूच्या ट्रकमध्ये मागे बसून तो पोचला. रस्ताभर तो मनाशी जुळवाजुळव करत होता. धाकट्याला परत आणायचं, बस. होडीवर आणायचं, घरात आणायचं, मागचा भाग झाडून ठेवलाच आहे. वाटे यापुढे त्यानंच लावावेत. किंवा सगळा मोठा वाटा त्यालाच. जे म्हणेल ते.

वखारीच्या फाटकावर राखणदार होता. थोरल्यानं भावाची चौकशी केली. इथे बरेच लोक आहेत, कोणता, असं राखणदारानं विचारलं. उंच आहे, कमी बोलतो, पूर्वी मासेमारी करायचा, असं थोरल्यानं सांगितलं.

‘काच्या होय?’ राखणदार म्हणाला.

नाव इथवर आलं होतं. कुणीतरी ट्रकवाल्यानं आणलं असेल, कुणीतरी धक्क्यावरच्या पाहुण्यानं. राखणदाराच्या आवाजात टिंगलसुद्धा नव्हती, त्याच्या लेखी ते साधं नाव होतं. थोरल्याला ‘नाही’ म्हणावंसं वाटलं. पण आत तर जायचं होतं.

‘हो,’ तो म्हणाला. ‘तोच.’

धाकटा ओंडक्यांवर खडूनं खुणा करत होता. केसांत, भुवयांत लाकडाचा भुसा. भावाला बघून त्यानं खडू खिशात टाकला, पुढे येऊन टोपली त्याच्या हातातून घेतली आणि विचारलं, कंबर कशी आहे? जणू कालच दोघं होडीतून उतरले होते. मग तो त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. खोली लहान पण नीटनेटकी होती. धाकट्याची बायको ‘या भाऊजी’ म्हणाली, मुलांची चौकशी केली, चहा ठेवला, आणि मग टोपली घेऊन मासळी साफ करायला बाहेर गेली. तिचं ते पटकन उठून जाणं थोरल्याला कळलं.

चहा निवत होता. जुळवून आणलेलं सगळं थोरला विसरला.

‘मावशीनं सांगितलं मला,’ तो म्हणाला. ‘टोपल्यांचं.’

‘हं.’

‘तू कशाला देत होतास?’

‘तुझ्याकडे खाणारी तोंडं जास्त होती. आई होती. तू मागितलं असतंस तर उघड दिलं असतं. पण तू मागणाऱ्यांतला नाहीस.’ धाकटा कपातल्या चहाकडे बघत बोलत होता. ‘ती काच तू बसवलीस तेव्हा मला पहिल्याच दिवशी दिसलं. सांगणार होतो तुला. मग म्हटलं, बरंच झालं, असंच देता येईल. तुला संशय येऊ नये म्हणून कधीमधी भारी घ्यायचो, तेवढंच.’

‘आणि त्या दिवशी? सगळ्यांसमोर मी तुला चोर म्हणालो. एका शब्दानं सांगितलं असतंस तर—’

‘काय सांगणार होतो दादा?’ धाकट्यानं आता वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं. ‘मी हलका वाटा घेत होतो म्हटलं असतं, तर कुणीतरी विचारलंच असतं की हलका आणि भारी असे वाटे लागतच कसे होते. लावत कोण होतं? सगळा धक्का जमला होता. दोघांतला एक चोर ठरणारच होता. म्हटलं, मी ठरतो.’

बाहेर करवत चालू झाली आणि बंद पडली. थोरल्याला रडू येत होतं, आणि ते आवरायचाही त्यानं फारसा प्रयत्न केला नाही. तो म्हणाला, ‘चल घरी. होडीवर चल. वाटे तू लाव. सगळं तूच घे.’

धाकट्यानं कप खाली ठेवला.

‘येईन घरी,’ तो म्हणाला. ‘मुलांना भेटायला येईन, वहिनीला भेटायला येईन. होडीवर नाही. आता तू मला जास्त द्यायला लागशील. मग मी तुझे हात बघत बसेन आणि तू माझे. अशी होडी चालते का कधी?’

‘माझ्यावर एवढा राग आहे?’

‘राग नाही रे. असता तर कधीच सांगून मोकळा झालो असतो.’ त्यानं थोरल्याचा निवलेला चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला आणि त्याला गरम चहा भरून दिला. ‘मी त्या काचेत बघायचो ना, ते वाट्यासाठी नाही. वाटा कुठला घ्यायचा ते ठरलेलंच होतं. मी बघायचो की आज तरी दादा सारखे लावतो का. रोज वाटायचं, आज लावेल. सारखे लागले की तोंडातून ‘माझा’ म्हणायचं आणि जो येईल तो घ्यायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं.’

थोरल्यानं विचारलं नाही की तसं कधी झालं का. धाकट्यानंही सांगितलं नाही. थोड्या वेळानं कामाची घंटा झाली, धाकटा उठला, भावाला फाटकापर्यंत सोडायला आला आणि रिकामी टोपली त्याच्या हातात देऊन परत ओंडक्यांकडे गेला.

परतीच्या वाटेवर थोरल्याला ट्रक मिळाला नाही. तो नदीच्या काठाकाठानं चालत निघाला. चालता चालता एकेक सकाळ आठवून बघायला लागला. एक सापडली तरी पुरे होती. एकच सकाळ, ज्या दिवशी त्यानं घाईत का होईना, चुकून का होईना, दोन्ही वाटे सारखे लावले असतील. ती सापडली असती तर तो तिथूनच मागे फिरला असता आणि वखारीच्या फाटकात उभं राहून धाकट्याला म्हणाला असता, तो एक दिवस आठवतो का तुला? मुलं आजारी होती ते दिवस त्यानं आठवले, धाकट्याच्या लग्नानंतरचा आठवडा आठवला, आई गेली त्यानंतर पुन्हा पहिल्यांदा होडी पाण्यात घातली ती सकाळ आठवली. आठवलेल्या प्रत्येक सकाळीत त्याला आधी ओटा दिसायचा, मग मासळी दिसायची आणि मग त्याचे स्वतःचे हात दिसायचे. धक्का दिसायला लागला तरी तो शोधतच होता.